तिसरी हातोडी

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ९ वाजून १२ मिनिटे.

जुन्या संगणकाला आजची तारीख सांगत होतो. रोज सांगावी लागते. त्याच्या घड्याळाची बॅटरी कधीचीच मेली आहे. नवी घालून पाहिली, पण तिची बैठकच गंजली आहे. त्यामुळे उठल्या उठल्या त्याला वाटते, आज एक जानेवारी! तीही माझ्या जन्माआधीच्या कुठल्या तरी सालातली. मग तो आपल्याच फायली बघून बिचकतो, या तर पुढच्या काळातल्या, आणि काळ्या पडद्यावर अडून बसतो. मी तारीख टाकतो, वेळ टाकतो, तेव्हा पुढे सरकतो. आज तीनदा अडला. तिसऱ्यांदा डिस्कमधून करकर आवाज आला.

व्यवस्थापक थेट माझ्या टेबलाशी आले. ‘देणगीत नवीन संगणक आलाय. महिनाअखेरीला पहिलीचं वाचनपुस्तक गेलं पाहिजे. ऐंशी प्रती. जमलं तर ठीक. नाही तर टकटक्या भंगारात आणि छपाई बाहेर. मग तुम्हा दोघांचं इथे काय काम?’

दोघे म्हणजे मी आणि ताई. टकटक्या म्हणजे आमच्या या छापखान्यातले ब्रेल छापायचे यंत्र. एका अक्षराचे सहा ठिपके, म्हणून सहा हातोड्या. बनवणारी कंपनी बुडाली. जगात कोणा भल्या लोकांनी त्याला चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, फुकटात लिहून ठेवला आहे, तो फक्त लिनक्स या प्रणालीवर चालतो, आणि आमच्याकडे फक्त या खोकणाऱ्या संगणकावर.

ताई इथली मुद्रितशोधक, नात्याने नाही, सगळेच तिला ताई म्हणतात. तिला जन्मापासून दिसत नाही, आणि तिच्या बोटांखालून एक ठिपकाही सुटत नाही. साहेब गेल्यावर म्हणाली, ‘काय रे नोंदवह्या, लिहिलंस का? नऊ वाजून वीस, साहेब गरजले.’

लिहिले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी.

नवा संगणक पुसून घेतला. आधी आतली धूळ, मग बाहेरची. आधीच्या मालकाचे एक चिकटवलेले फूल निघत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी. दुपारी ३ वाजून ५ मिनिटे.

सोपी वाट धरली होती. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढायची, नव्यात घालायची, संपले. नक्कल काढायला अकरा तास लागले. तीन जागा वाचता आल्या नाहीत, त्यांचे आकडे लिहून ठेवले आहेत. नक्कल नव्यात घातली, बटण दाबले. काळोख. मग एक ओळ: मूळ डिस्क सापडत नाही. त्याखाली नुसती लुकलुकणारी खूण.

‘काय म्हणतोय?’ ताईने विचारले.

‘डिस्क सापडत नाही म्हणतोय.’

‘कुठे आहे डिस्क?’

‘त्याच्या पोटात.’

‘म्हणजे आपल्या साहेबांसारखंच. पोटात सगळं, हाताशी काही नाही.’

मला हसू आले नाही. शोधले तेव्हा कळले. सुरू होताना लागणारे ड्रायव्हर एका गाठोड्यात बांधलेले असतात. बांधताना विचारले जाते: सगळ्या यंत्रांसाठी बांधू, की फक्त या यंत्रापुरते? जुना संगणक बसवला तो माझ्या थोरल्या भावाने, दादाने; तो माझ्या आधी इथे होता. त्याने निवडले होते, फक्त या यंत्रापुरते. आणि तसे नसते तरी इतक्या जुन्या कर्नलला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याला, ही नवी डिस्क ओळखता येणारच नव्हती. ते खरे. पण ‘फक्त या यंत्रापुरते’ हे वाचून डोक्यात तिडीक गेली. दादाचे सगळे असेच. त्याच्यापुरते!

नक्कल खोडली नाही. चिठ्ठी लावून खणात ठेवली.

शनिवार, ८ फेब्रुवारी. सायंकाळी ४ वाजून ३५ मिनिटे.

नव्यावर नवी प्रणाली घातली. एकोणीस सेकंदांत उठतो, तारीख स्वतःची स्वतः जाणतो. हेवा वाटला.

ड्रायव्हरचा कोड जुन्यावरून आणला आणि बांधायला, म्हणजे नव्यावर चालेल असा करायला घेतला. त्रेचाळीस चुका. एकेक इंग्रजी शब्द शब्दकोशात पाहिला. नववीतून उठलेल्याला दुसरा उपाय काय? ‘अनडिक्लेअर्ड’ म्हणजे न सांगितलेले. ड्रायव्हरला एक लायब्ररी लागते, हातोड्या कधी उचलायच्या आणि कधी सोडायच्या ते तिच्यात असते. ती प्रणालीच्या भांडारातून घेतली. साडेचारला चुका शून्य.

कोणाला सांगावे असे वाटले. ताई चार वाजताच गेली होती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी. सकाळी १० वाजून ४० मिनिटे.

नव्या संगणकावरून पहिला ताव छापला. आवाज तोच, वेग तोच. कागद ताईच्या हातात दिला. पहिल्या धड्याची पहिली ओळ आहे, ‘कमल, नमन कर.’ ताईची बोटे ओळीवरून गेली, परत आली, पुन्हा गेली.

‘अचब, दचद अह.’

‘काय?’

‘तूच सांग काय ते. मी छापलेलं वाचते. अचब. दचद अह. पहिलीच्या मुलांना शिव्या शिकवायच्यात का?’

ठिपके मोजले. क चा अ, म चा च, ल चा ब. प्रत्येक अक्षरातला तिसरा ठिपका गायब. ताई म्हणाली, अगदीच गायब नाही, ‘आहे, पण मुका आहे. कागद कुरवाळतो, उठवत नाही.’

पुढचे ती न हसता म्हणाली. ‘मुलं पहिल्यांदाच वाचायला शिकतात. त्यांना अचब दिलं तर ती अचबच खरं मानतील. ती आपल्याला विचारणार नाहीत, बरोबर का चूक.’

तिसरी हातोडी. हिला मी ओळखतो.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

तेल घातले. घड्याळजी वापरतात ते, सुईच्या टोकाने, दांड्याच्या मुळाशी. सात वर्षांपूर्वी घातले होते तसेच.

ते लिहून ठेवतो, कारण माझ्या नावावर तेवढे एकच आहे. मी इथे आलो तेव्हा पंधरा वर्षांचा होतो, दादाच्या रिकाम्या खुर्चीवर, तात्पुरता. दादा जूनमध्ये घर सोडून गेला, डिसेंबरमध्ये तिसरी हातोडी मंद झाली. मग मी दाभण घेऊन प्रत्येक पानावरचा प्रत्येक तिसरा ठिपका हाताने उठवायचो. पानाला दोनशे, अडीचशे. बोटांची सालटी निघाली. पट्ट्या बांधून काम केले. तीन महिने! मार्चमध्ये एका सोमवारी तेल घातले आणि हातोडी बोलायला लागली. व्यवस्थापकांनी पाठ थोपटली. ‘भावापेक्षा तू बरा.’ त्या आठवड्यात मला कायम केले.

आज तेल घालून वीस ताव छापले. अचब.

आणखी घातले. ताई म्हणाली, ‘आता तळून काढणार आहेस का तिला?’

शुक्रवार, १४ फेब्रुवारी. दुपारी १ वाजता.

तार बदलली. वीजजोडणी बदलली. शेवटी टकटक्या पुन्हा जुन्या संगणकाला जोडला. कमल, नमन कर! एकही ठिपका मुका नाही. तोच ड्रायव्हर, तेच आकडे, ओळ न् ओळ ताडून पाहिली. इकडे बोलतो, तिकडे मुका. म्हणजे हातोडीचा दोष नाही. मग कोणाचा?

व्यवस्थापक दारातूनच म्हणाले, ‘तुझ्या भावानेच बसवलंय ना हे? एक फोन कर की. पाच मिनिटांचं काम.’

‘मी करतो साहेब.’

‘फोन?’

‘काम.’

‘अरे, सख्खा भाऊ आहे. त्यात कसला आलाय मान?’

त्यांना काय सांगू? बाबा पंपघरात होते. तीस वर्षे एकच वही: वेळ, काम, कारण. ‘कारण लिहिलं नाही तर ती नोंद नव्हे, बढाई,’ असे म्हणायचे. आम्हा दोघांना तसेच लिहायला शिकवले. दादा त्यांच्याशी भांडून गेला, त्याचे कारण कोणीच कुठे लिहिले नाही. बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा आला नाही. गेले तेव्हा चार दिवसांनी आला. रविवारी, ११ मार्चला. आईपाशी बसला, माझ्याकडे एकदा पाहिले आणि पहिला प्रश्न काय विचारला? ‘छपाई कशी चाललीय?’ मी म्हणालो, ‘तुझ्याकडे छापखान्याची किल्ली आहे, ती आधी परत कर.’ दुपारी उठून बाहेर गेला. आई भिंतीला टेकून बसलेली, घरात माणसे येताहेत, आणि हा दोन तास गायब! संध्याकाळी आला, किल्ली टेबलावर ठेवली, रात्रीच्या गाडीने गेला.

त्याला फोन? जीभ झडली तरी नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी.

अचब. अचब. अचब. आतापर्यंत १९० ताव वाया.

सोमवार, १७ फेब्रुवारी. दुपारी ४ वाजून २० मिनिटे.

युक्ती केली. जुन्या संगणकावरच ड्रायव्हरचे पॅकेज बांधले आणि ते नव्यावर नेऊन बसवले. जुन्या हाताचे बांधकाम, नव्या घरात. तरी मुका.

ताईला पॅकेज म्हणजे काय ते सांगितले. जेवणाचा डबा. कुठेही उघडला तरी आत सगळे हवे, किंवा झाकणावर लिहिलेले हवे की सोबत काय लागेल.

ताई म्हणाली, ‘मग तुझा डबा घरी उघडला की चविष्ट आणि बाहेर उघडला की अळणी. म्हणजे घरी तू शेजारणीकडून मीठ घेत असणार.’

‘मी कोणाकडून काही घेत नाही.’

‘तुला ठाऊक नसेल. मीठ वाढणारी बोलून वाढत नाही.’

मदतीच्या मंचावर प्रश्न टाकला होता. तिथे एक जण आहे, ‘कासव’ या नावाने लिहितो. एक दिवस घेतो, पण उत्तर देतोच. त्याने लिहिले: संगणकातच एक स्वच्छ खोली करून तिथे बांध, जिथे प्रणालीशिवाय काही नाही. जुन्या यंत्रावर जमले ते धरू नकोस. तिथे असे काहीतरी आहे जे तू सांगितलेले नाहीस.

मी सगळे सांगितले आहे! आकड्यासह, वेळेसह! कासवाला उत्तर लिहिले नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी. सकाळी ९ वाजून ५० मिनिटे.

जुना संगणक उठलाच नाही. तारीख सांगितली, तरी नाही. अर्ध्यावर येऊन एकच ओळ पुन्हा पुन्हा: जागा शिल्लक नाही. माझाच दोष. सोमवारपासून त्याच्यावर पॅकेजे बांधत होतो, डिस्क तुडुंब भरली.

दुरुस्तीच्या अवस्थेत उतरवून काय काय पुसता येईल ते पाहिले. आधी माझा पसारा पुसला. पुरला नाही. मग एका कोपऱ्यात, प्रणालीच्या नेहमीच्या जागेबाहेर, हाताने आणून ठेवलेल्या सामानाचा एक कप्पा दिसला. दादाच्या नावाने. सगळ्या फायलींवर तारीख एक जानेवारी, घड्याळ मेल्यानंतरचा कचरा. कुठल्या पॅकेजात नोंद नाही, कशाची यादी नाही. वा रे इंजिनियर! भरून ठेवले आणि निघून गेला. मागे राहिलेल्याने आवरावे.

पुसला. पूर्ण. खरे लिहायचे तर पुसताना बरे वाटले. एन्टर जरा जोरातच दाबले.

१० वाजून ५ मिनिटांनी संगणक उठला.

गुरुवार, २० फेब्रुवारी. सकाळी ११ वाजता.

जुन्यावरून शाळेची हजेरीपत्रके छापायला घेतली. ताईने पहिला ताव हातात घेतला, त्यावरून दोनदा बोटे फिरवली. दुसरा घेतला. मग म्हणाली, ‘नव्याला जोडलंयस का?’

‘नाही. जुन्यालाच.’

‘अचब आहे.’

शुक्रवार, २१ फेब्रुवारी.

काल पुढे लिहिता आले नाही.

परवा सकाळपर्यंत एक यंत्र बोलत होते. आता एकही नाही. काय बदलले? मी एकच गोष्ट केली. एकच. वहीत लिहून ठेवली आहे, वेळेसह!

कासवाच्या त्या उत्तरात एक आज्ञाही होती, ड्रायव्हर कोणती लायब्ररी उचलतो ते दाखवणारी; ती आज चालवली. आता उचलतो ती प्रणालीची. आधी कोणती उचलत होता, ते पुसलेल्या कप्प्यासोबत गेले. मीठ शेजारणीचे होते. शेजारीण मी परवा घराबाहेर काढली.

व्यवस्थापकांना म्हणालो, उद्यापर्यंत होईल. ताईने माझ्या आवाजाकडे तोंड वळवले. ते गेल्यावर हळूच म्हणाली, ‘मला खोटं सांगू नकोस. माझ्याकडे दुसरा धंदा नाही. ही दहा बोटं आहेत, ती ठिपक्यांशिवाय कशाला लागणार?’

मग सगळे सांगितले. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

शनिवार, २२ फेब्रुवारी. सकाळी ८ वाजून १५ मिनिटे.

नक्कल! पाच तारखेची नक्कल! जी नव्यात उठली नाही म्हणून चार दिवस मी दादाला शिव्या घातल्या, ती खणात आहे. चिठ्ठीसकट.

खणाची चावी घेतली.

त्याच दिवशी. दुपारी २ वाजून ३० मिनिटे.

मिळाला. कप्पा पूर्ण आहे, वाचता न आलेल्या तीन जागांपैकी एकही त्यात नाही. आत तीच लायब्ररी, पण हाताने बांधलेली, आणि शेजारी तिचा कोड. भांडारातल्या कोडाशी ताडून पाहिला. साडेचार हजार ओळी सारख्या. फक्त एका ठिकाणी फरक. एक आकडा बदललेला: तिसऱ्या हातोडीला इतरांपेक्षा अकरा मिलिसेकंद जास्त.

मंद माणसाला उत्तर द्यायला जरा वेळ दिला की तो बोलतो. बस. तेवढेच.

आकड्याच्या वर टिपणाच्या दोन ओळी आहेत. पाहणाऱ्याला कचराच वाटेल. इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम, कंस. पण आमच्याकडे कोणीही ओळखेल, टकटक्याला पाठवतात तो ठिपक्यांचा संकेत आहे. त्या वेळी कळफलकावर मराठी नव्हते.

वाचायचे तर तक्ता घेऊन अक्षर न् अक्षर लावावे लागेल. लावणार नाही. आकडा मिळाला, पुरे.

सोमवार, २४ फेब्रुवारी. सकाळी ११ वाजून १० मिनिटे.

नव्या संगणकावर लायब्ररी अकराच्या आकड्यासह बांधली. स्वच्छ खोलीत. ड्रायव्हरच्या झाकणावर लिहिले: ही लागते. दोन्ही पॅकेजे बसवली. पहिला ताव.

ताईचे बोट पहिल्या अक्षरावर थांबले. खूप वेळ थांबले.

‘कमल,’ ती म्हणाली. ‘नमन कर.’

मग तिने तो ताव गालाला लावला. मी खिडकीबाहेर पाहिले.

त्याच दिवशी, दुपारी.

पॅकेजसोबत बदलांची नोंद द्यावी लागते. कोणी केला, काय केला, का केला. ‘काय’ लिहिले. ‘कोणी’ पाशी माझे नाव टाकले. पॅकेज मीच बांधले ना? स्वच्छ खोली मीच उभी केली. तीन आठवडे माझे गेले.

‘का’ रिकामे आहे.

ताईला टिपणाबद्दल बोललो, उगीचच. लगेच म्हणाली, ‘छाप ना. मी वाचते. तक्ता कशाला?’

‘नको.’

‘घाबरलास?’

‘त्यात काय असणार? आकडेमोड.’

‘मग तर घाबरायला नकोच.’

बुधवार, २६ फेब्रुवारी. सकाळी ७ वाजता, घरी.

एक हिशेब जुळत नाही. चहा गार झाला तरी जुळत नाही.

दादा जूनमध्ये गेला. तेव्हा तिसरी हातोडी ठणठणीत होती. मंद झाली डिसेंबरमध्ये. मग अकरा मिलिसेकंद त्याने कधी घातले? जाण्याआधी घालायचे कारणच नव्हते. गेल्यावर तो एकदाच आला. एकाच दिवसासाठी. एक रविवार. छापखाना बंद होता, आणि किल्ली त्याच्याकडे होती.

तेल मी सोमवारी घातले.

आईला विचारले, ‘त्या दिवशी दादा दोन तास कुठे गेला होता?’ ती भाजी निवडत होती. म्हणाली, ‘तू कधी विचारलं नाहीस.’

‘आता विचारतोय.’

‘मलाही सांगितलं नाही त्याने. आला तेव्हा हात काळे होते. साबण मागितला.’

गुरुवार, २७ फेब्रुवारी.

ऐंशी प्रती छापून झाल्या. व्यवस्थापक खूश. टकटक्या राहिला, आम्ही राहिलो. ‘शाब्बास! तुझा हात लागला की झालंच.’

मी म्हणालो, ‘साहेब, तेलाने काही झालं नव्हतं. सात वर्षांपूर्वी. ते माझं काम नव्हतं.’

‘कसलं तेल?’

‘तिसऱ्या हातोडीला. तुम्ही पाठ थोपटली होती. मला कायम केलं होतं.’

ते डोके खाजवत राहिले. ‘असेल बुवा. तुला कायम केलं ते घरी कमावणारं कोणी उरलं नव्हतं म्हणून.’

सात वर्षे मी ते तेल छातीला लावून फिरत होतो. ज्याच्यापुढे मिरवले त्याला आठवतही नाही.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी. सायंकाळी ५ वाजून २६ मिनिटे.

त्या दोन ओळी छापल्या. ताव ताईपुढे ठेवला आणि तिच्या शेजारी बसलो. तिने बोट फिरवत मोठ्याने वाचले, थांबत, एका सुरात, धडा वाचते तसे.

‘वेळ: ११ मार्च, रविवार, दुपारी ४ वाजून ४० मिनिटे. काम: तिसऱ्या हातोडीला अकरा मिलिसेकंद जास्त दिले. कारण: धाकट्याच्या बोटांना पट्ट्या आहेत.’

‘पुढे?’

‘पुढे काही नाही.’ तिने माझा हात चाचपून धरला, बोटांची टोके एकेक करून दाबून पाहिली. ‘गेल्या की रे खुणा.’

बदलांची नोंद बदलली. कोणी: दादा. का: त्याच्याच शब्दांत.

कागदाचा हिशेब साहेबांना दिला. वाया गेलेले ताव ४१२. चारशे तेरावा, दादाच्या दोन ओळींचा, घरी आणला, त्याची किंमत पेटीत टाकली. दादाचे देणे बाकी. आईकडून त्याचा नंबर घेतला आहे.